वादी हजर

मौजे सुवैहिल.
पूर्वेस खजुरांची रांग, तिच्यामागे समुद्र,
दिसत नाही, ओहोटीला वास येतो तेवढाच.
पश्चिमेस डोंगर, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा.
उत्तरेस पेट्रोल पंप, पंपाचं छप्पर, छपरावर पारवे.
दक्षिणेस वादी.

येणेप्रमाणे चतुःसीमा.
नोकरीच्या कागदावर असं लिहीत नाहीत,
तिथे नुसते आकडे. समुद्रसपाटीपासून उंची एकोणीस मीटर.
सतरा वर्षं मी या किनाऱ्यावर जमिनी मोजतोय
आणि मनात अजून तलाठ्याची भाषा.

वडील राजापूरच्या कोर्टात बेलीफ.
दारात उभं राहून पुकारा करायचे: वादी हजर?
तिकडे वादी म्हणजे तक्रार घेऊन आलेला माणूस,
सकाळपासून पायरीवर बसलेला,
डबा न उघडता.
इथे वादी म्हणजे नदीची रिकामी जागा.
गोटे, काटेरी झुडपं, शेळ्या, कुणीतरी टाकलेला फ्रीज.
जीभ दातांवरून टाळूकडे सरकली
की हिचीच वाडी होते,
आणि मला घरी फोन करावासा वाटतो.

गावाचा इतिहास कुठे लिहिलेला नाही.
बुरूज अर्धाच आहे. उरलेल्या अर्ध्याचे दगड
तीन घरांच्या जोत्यात आहेत;
कोणत्या, ते सगळ्यांना माहीत आहे.
मशिदीचा दरवाजा सागवानी, गलबतातून आलेला.
"तुमच्याच बाजूचा," असं मुअज्जिन म्हणतो,
आणि मी दरवेळी त्याला हात लावून बघतो.
पहिली शाळा तंबूत भरली. मास्तर इजिप्तचे होते,
त्यांना विंचू चावला, तरी पाढे थांबले नाहीत.
बाकी सगळं मौजाला विचारायचं.

मौजा बिन्त हुमैद.
नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं.
सात-बाऱ्यावर गावाच्या आधी हेच तर लिहितो आपण.
डोंगराच्या पोटातून आणलेल्या पाटात, फलजमध्ये,
तिचा दीड अथर वाटा. म्हणजे पाऊण तास पाणी.
पूर्वी रात्री चांदण्या बघून मोजायचे,
दिवसा काठीची सावली.
आता तिच्या मोबाईलचा गजर होतो,
आणि ती फावड्याने एक बांध फोडते, दुसरा घालते.

गेल्या हिवाळ्यात दक्षिणेला प्लॉट पाडायचा हुकूम आला.
चौदा खुंट्या ठोकल्या, माथ्यांना लाल रंग.
हरकतीसाठी मुदत तीस दिवस,
नोटीस कुंजुमोनच्या दुकानाच्या काचेवर,
अंड्यांच्या भावाशेजारी.
मौजा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली,
खुंटी क्रमांक सहाजवळ बसली.
भांडली नाही. मला थर्मासमधला कहवा दिला
आणि मशिदीच्या भिंतीवरची एक रेघ दाखवली,
माझ्या खांद्याच्या उंचीची, मातकट.
"हे माझ्या लग्नाचं साल."
तिच्याखाली दुसरी. "हा खमीस जन्मला तेव्हा."
तिसरी फार वर होती. तिच्याबद्दल ती काही बोलली नाही.

मी म्हटलं, साहेबांना कळवतो.
कळवलं नाही.

इथे पूर आला म्हणत नाहीत, वादी उतरली म्हणतात.
गावात पावसाचा एक थेंब नाही,
फक्त डोंगरामागे वीज, आणि कुत्री गप्प.
मग गोट्यांवर गोटे आपटत आल्याचा आवाज.
मी गच्चीवर उभा. पंपाचे दिवे गेले.
अंधारात वडिलांचा पुकारा स्वच्छ ऐकू आला,
तीन वेळा, नियमाप्रमाणे.

सकाळी फ्रीज पेट्रोल पंपाच्या दारात होता, उभा,
जणू विकायला ठेवलेला.
नोटीस तशीच काचेवर. दिवस मोजले:
तेविसावा.
हरकत मुदतीत आली होती.

अहवालाच्या त्या रकान्यात काय लिहू
म्हणून दोन आठवडे कागद तसाच आहे.
चौदापैकी दोन खुंट्या सापडल्या.
एक कुंजुमोनने दाराला अडसर म्हणून ठेवली.
दुसरीला मौजाची शेळी बांधलेली असते,
आणि तिने रंग चाटून चाटून
सहाचा आकडा जवळजवळ पुसलाय.